उंबऱ्यावरचं नाव

दिवा जरा जवळ घे, जने. दाराची कडी घातलीस ना? मग बस. उद्या तुझा नवरा क्लबात जाणार, हे तू मघाशी हसत हसत सांगितलंस, म्हणून तोंड उघडते आहे. नाहीतर ही गोष्ट मी कुणापुढे काढत नाही.

तेव्हा मी तुझ्याच वयाची होते आणि तुझ्याहून जास्त हसायची. सन चौतीसचा कार्तिक. मुंबईच्या बोटी सुरू झाल्या होत्या, बंदर पुन्हा माणसांनी भरलं होतं. संध्याकाळी घासलेटची बाटली घेऊन मी वाण्याकडे निघाले, तर मांडवीच्या टोकाला चांदणी क्लबाच्या भिंतीला शिडी लावलेली. किती पावसाळे बंद पडलेलं ते घर, कौलांवर शेवाळ, माडीच्या कठड्यावर वेल चढलेले. आणि आता गडी चुना लावत होते, कठड्याला हिरवा रंग चढत होता. खाली राजापूरचे आप्पाशेट छत्री टेकून उभे. क्लब त्यांचाच.

तो क्लब काय होता ते तुला ऐकून ठाऊक असेल. खाली सोडा, दारू आणि पत्ते. वर माडीवर गाणं. बोटीची वाट बघणारे उतारू, आंब्याचे व्यापारी, कचेरीतले साहेबलोक, सगळे तिथे जमायचे. दिवसा त्या क्लबाला नावं ठेवणारे दिवेलागणीनंतर तिथेच पुढची जागा धरून बसलेले असत.

वाण्याच्या दुकानात त्याचीच चर्चा. एक म्हातारा म्हणाला, "त्या क्लबात एकटा गेलेला माणूस एकटा परत येत नाय."

मी म्हटलं, "येईल कसा, आजोबा? आत इतकी पाजतात की एकाचे दोन दिसतात."

दुकानभर हशा पिकला. म्हातारा तेवढा हसला नाही. मी बाटली भरून घेतली आणि माझ्याच विनोदावर खूश होऊन घरी आले.

घरी आले तर ह्यांनी निराळीच बातमी ऐकवली. दिवसा हे बोटकंपनीच्या एजंटाकडे तिकिटं फाडत आणि संध्याकाळी देवळात भजनाला पेटी वाजवत. हात असा गोड होता की आरती संपली तरी माणसं उठत नसत. आप्पाशेटांनी मुंबईहून नवी पेटी आणली होती आणि पहिल्या रात्री ती ह्यांनी वाजवावी म्हणून निरोप आला होता.

"एकच रात्र," हे म्हणाले. "त्या पेटीला एकदा हात लावू दे, मग पुन्हा नाव काढणार नाही."

लहान मुलासारखा चेहरा झाला होता. मला नाही म्हणवेना. खरं सांगते जने, लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि हे हसले की माझं पोट आनंदाने भरायचं.

सासूबाई सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. सोनूबाई त्यांचं नाव, सगळी मांडवी त्यांना वचकून असे. त्यांचे हात थांबले. हे अंगणात गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं.

"मालन ठावं हाय तुला?"

मी मान हलवली. नाव ऐकलं होतं, पुढचं काही ठाऊक नव्हतं.

मालन क्लबातली गाणारी. गोव्याकडून आणलेली, केसांत सुरंगीचा गजरा. गाणं ऐकायला सगळ्यांना हवी, पण घराचा उंबरा तिला कुणी ओलांडू दिला नव्हता. तिथे येणाऱ्या एका व्यापाऱ्याने तिला लग्नाचं वचन दिलं. तिने स्वतःच बाजारात जाऊन हातभर हिरवा चुडा भरला, नवा शालू नेसली आणि ठरल्या संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. घरातल्या बायकांनी दार अडवलं. नव्या नवरीला अडवतात तसंच, पण थट्टेने. म्हणाल्या, घे की नाव, मग आत घेऊ.

"तिला नाव घेता येईना गो," सासूबाई म्हणाल्या. "सगळे त्याला शेट म्हणायचे, ती पण शेटच म्हणायची. त्यानं तिला आपलं नावसुद्धा सांगितलेलं नव्हतं. तो आत बसून ऐकत होता. भायेर आलाच नाय."

बायकांनी हसत दार लावून घेतलं. मालन तशीच चालत समुद्राकाठच्या खडपावर गेली आणि भरतीच्या पाण्यात उतरली. ती सापडलीच नाही.

"त्येच्यानंतर ती क्लबातून परतणाऱ्या बापयामाणसाच्या मागून येते. उंबऱ्याशी थांबते. म्हणून आतल्या माणसानं हाक मारून घ्यायची, म्हणजे ज्याला हाक मारली तोच आत येतो. आणि हाक मारायची ती घरच्या नावानं. बाबल्या म्हण, दादू म्हण. पुरं नाव भायेर सोडायचं नाय. पुरं नाव तिच्या कानावर गेलं, तर ती धरून बसंल."

मला आठवलं, माझ्या लग्नाआधी आत्याकडे मांडवीत राहायला आले की रात्री दारादारांतून हाका ऐकू यायच्या. ये रे बंड्या, ये रे सोन्या. हाका मारणाऱ्या आया असत, बहिणी असत, पोरं असत. बायको कधी नसे. ती नवऱ्याचं नाव घेणार कशी? नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तर आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो. भुताला मी हसत होते, पण हे मात्र मी मानत होते. माणूस कुठे शहाणा असतो आणि कुठे नसतो, काही सांगता येत नाही.

सासूबाई स्वतः हाक मारणार होत्या. पण क्लब उघडायच्या आदल्याच दिवशी बुरोंडीहून माणूस आला, नणंदेचे दिवस भरले होते. सासूबाई पडावात बसल्या आणि बंदरावरून मला बजावून गेल्या, "तुळसाला सांगून ठेव. ती हाक मारील."

तुळसा आमची शेजारीण, ह्यांना तिने कडेवर खेळवलेलं. मी तिला सांगितलं नाही. वाण्याकडे एवढा विनोद करून आले होते, आता कुठल्या तोंडाने सांगू?

क्लब उघडला त्या संध्याकाळी सगळी मांडवी तिकडे लोटली होती. आत जायला नव्हे, नुसते दिवे बघायला. तुळसासुद्धा गेली. मी घरीच राहिले. भाकऱ्या केल्या, दिव्यात घासलेट घातलं, दाराशी बसले. समुद्राला भरती होती. खडपावर लाट आपटायची आणि मध्येच जी शांतता व्हायची, तिच्यातून ह्यांची पेटी ऐकू यायची. मला अभिमान वाटला. मुंबईहून आलेला एक गवई पुरुषी आवाजात गात होता. आप्पाशेट सगळ्यांना सांगत सुटले होते, या खेपेला बाई आणलेली नाही.

थोड्या वेळाने गाणं बदललं. पेटी तीच होती. पण तिच्याबरोबर आता बाईचा आवाज होता.

आवाज मोठा नव्हता. ओल्या कापडातून यावा तसा दबका येत होता. मी कान देऊन ऐकत राहिले. मग पेटी मध्येच थांबली, सूर अर्धा तोडून. ह्यांनी कधी सूर असा तोडला नव्हता. आवाज मात्र तसाच चालू राहिला आणि हळूहळू वाटेवरून आमच्या बाजूला येऊ लागला. कुंपणाच्या बेड्याशी आल्यावर तो थांबला.

अंगणात पावलं वाजली. हेच होते. पायरीपर्यंत आले आणि उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले.

"आलात लवकर? या की," मी म्हटलं.

हे हलले नाहीत.

"असं नको बोलावू," हे अगदी हळू म्हणाले. "आई बोलावते तसं बोलाव..."

"म्हणजे?"

"हाक मार. मला आत येता येत नाही गं... पाय उचलत नाही."

मी दिवा वर धरला. ह्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. अंगावरचे कपडे कोरडे होते. पण ह्यांच्या मागच्या जांभ्याच्या पायरीवर पाणी ठिबकत होतं. एकेक थेंब, सावकाश. आणि वास आला. सुरंगीचा. सुरंगी शिमग्याच्या सुमाराला फुलते, जने. कार्तिकात झाडाला कळीसुद्धा नसते.

"मागे कोण आहे?"

"बघू नकोस... मी पण बघितलेलं नाही."

"तुळसाकाकी," मी ओरडले. तिचं घर रिकामं होतं. आणि तिला आणायला जायचं, तर ह्यांच्या बाजूने त्या पायरीवरूनच उतरावं लागलं असतं.

"तूच मार हाक," हे म्हणाले. "लवकर... तिचा हात माझ्या खांद्यावर आहे."

मी तोंड उघडलं. बाबल्या, एवढंच म्हणायचं होतं. "बा..." म्हटलं आणि जीभ टाळूला चिकटली. नवऱ्याला बाबल्या म्हणायचं? सासू म्हणते तसं? माझ्या सात पिढ्यांत कुठल्या बाईने असं म्हटलं नसेल. आज सगळं हसण्यासारखं वाटतं, पण त्या वेळी मी रडकुंडीला आले होते, समोर माझा माणूस हातचा चालला होता आणि माझ्या तोंडातून ते नाव फुटत नव्हतं. ह्यांच्या खांद्यावरचं कापड हळूहळू ओलं होत होतं. पाच बोटांचं ओलं.

बायकोला नवऱ्याचं नाव घ्यायची मुभा एकाच तऱ्हेने असते. ती मला आठवली. लग्नात याच उंबऱ्यावर नणंदेने दार अडवलं होतं, तेव्हा जो उखाणा घेतला होता, तोच मी डोळे मिटून म्हटला.

"मांडवीच्या बंदरात भरतीमागून ओहोटी,
रघुनाथरावांचं नाव राहो माझ्याच ओठी."

हे आत कोसळले. मी त्यांना ओढून घेतलं, दार लोटलं, कडी घातली, वर लाकडी आडणा सरकवला. ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन भुईवर बसले आणि हमसून रडले. वाचले, असं मला वाटलं. किती मोठा आनंद होता तो, आणि किती थोडा वेळ टिकला.

बाहेर पाणी ठिबकायचं थांबलं होतं. मग दाराला अगदी लागून, लाकडाच्या फटीतून यावा तसा आवाज आला. गोड आवाज. घाई नाही, राग नाही. नवी नवरी लाजत बोलते तसा.

"खाऱ्या पाण्यात राहिले, नव्हतं घर नि दार,
रघुनाथरावांचं नाव घेते, उभी उंबऱ्यापार."

क्लबात ह्यांना सगळे मास्तर म्हणत होते. पुरं नाव तिला मीच दिलं होतं.

हे उठून बसले. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

"नाव घेतलंन तिनं," हे म्हणाले. "आता आत घ्यायला हवं..."

आणि उठून आडण्याला हात घातला. मी कंबरेला मिठी मारली. नाही, म्हटलं, माझ्या अंगावरून जा. उजाडेपर्यंत मी त्यांना सोडलं नाही. बाहेरून ती तोच उखाणा पुन्हा पुन्हा म्हणत होती, दर वेळी थोडी हळू, थांबत थांबत, कुणीतरी दार उघडेल म्हणून. मला तिची भीती वाटत होती आणि, देवाशपथ सांगते, कीवही येत होती.

सकाळी पायरी कोरडी होती. क्लब पुढे चालला नाही, महिन्याभरात आप्पाशेटांनी कुलूप घातलं, ते आता उद्या निघणार. हे बरे झाले, कामावर जाऊ लागले. पेटी मात्र पुन्हा उघडली नाही. रोज दिवेलागणीला दाराकडे तोंड करून बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "काही नाही गं, वाऱ्याला बसलोय." हळदीकुंकवाला बायका नाव घ्यायचा आग्रह करायच्या, मी काहीतरी कारण काढून उठायची.

गेल्या श्रावणात हे तापाने गेले, ते तुला ठाऊकच आहे. तू नुकतीच लग्न होऊन आली होतीस. म्हणून सांगते, तुझ्या घरी सासू नाही, नणंद नाही. उद्या लाज गुंडाळून ठेव आणि नवऱ्याला त्याच्या घरच्या नावाने हाक मार. आयुष्य कमी होत नाही. मला कुणी हे सांगायला हवं होतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. ह्यांना नेलं, त्यानंतर बायकांनी मला मागच्या दारी विहिरीवर नेलं आणि माझ्या बांगड्या फोडल्या. दोन्ही हातांत मिळून चारच होत्या, तुकडे तिथेच विहिरीपाशी पुरले. सुतकाचं घर, ह्यांना नेल्यापासून पुढचं दार कुणी उघडलं नव्हतं. संध्याकाळी दिवा ठेवायला म्हणून मी ते उघडलं.

पायरीवर हिरव्या काचांचा ढीग होता. हातभर चुड्याचा. ओला होता, आणि काचांना बारीक शिंपले चिकटलेले होते.