चारचं गिऱ्हाईक

"काका, ऑटोमॅटिक गिअरचं तेल हवंय. लाल. जेवढे डबे असतील तेवढे द्या," असं म्हणत ती घाईघाईने स्पेअर पार्टच्या दुकानात शिरली. काउंटरला टेकून एक उंच तरुण उभा होता. तो दुकानदारकाकांना नेमकं ह्याच तेलाबद्दल काहीतरी विचारत होता. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

"सहा डबे आहेत," काका म्हणाले. "कुठल्या गॅरेजात टाकलीस गाडी?"

"गॅरेजात नाही. घरीच बदलणार आहे. मीच."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "विचार कर हं, पोरी. जुन्या गाडीत कधी कधी त्या जुन्या तेलावरच गिअर कसेबसे तग धरून असतात. नवीन ओतलं की उरलासुरला जीवही सोडतात. मग गाडी जागची हलत नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. तिला हे मुळीच माहीत नव्हतं. 

"पण तेल खराब झालंय हे कळतं कसं?" त्या तरुणाने तिला विचारलं.

"तेल मोजायची पट्टी असते, ती बाहेर काढायची आणि कागदावर एक थेंब टाकायचा," ती म्हणाली. " लाल असेल तर ठीक. काळपट असेल आणि जळका वास येत असेल, तर संपलं."

"मेकॅनिक आहात?"

"रोपवाटिका आहे आमची. झाडं विकते मी."

"मग थेट मुळाशी हात घालायची सवय असणारच," तो म्हणाला, आणि तिला हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

एरवी ती अनोळखी माणसाशी दोन वाक्यांच्या पुढे गेली नसती. पण ह्या आठ दिवसांत घरी कुणी धड बोलतच नव्हतं, आणि हा माणूस ऐकत होता... अगदी कान देऊन. काका आत डबे काढायला गेले तेवढ्यात तिने सगळं सांगून टाकलं. अपघातापासून बाबांचा डावा पाय लुळा होता. क्लच दाबणं शक्य नव्हतं, म्हणून बारा वर्षांपूर्वी ही ऑटोमॅटिक पिकअप घेतली. कुबड्या सुटल्या नव्हत्या, पण गाडीत बसले की बाबा कुणाच्याही बरोबरीचे असत. आणि गेल्या आठवड्यात शाळेजवळच्या चढावर गाडी अचानक मागे घसरली. मागून एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन येत होती. ती बाजूला झाली म्हणून वाचली. गाडी शाळेच्या भिंतीला जाऊन टेकली.

"बाबा म्हणतात, माझाच पाय चुकला. आता उजव्याचाही भरवसा राहिला नाही. त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही त्यांनी. विकायला काढली. आज चारला गिऱ्हाईक येणार आहे. त्याच्या आत मला दाखवायचंय की चूक गिअरची होती... त्यांची नव्हती."

"चारला?" त्याने विचारलं.

"हो. का?"

"काही नाही." काकांनी काढलेले डबे त्यानेच उचलून तिच्या स्कूटरपर्यंत आणून दिले. चालताना त्याचा डावा पाय किंचित ओढला जात होता. "तुमच्या मनासारखं होऊ दे," तो म्हणाला. असं म्हणताना त्याचा चेहरा इतका पडलेला का, हे तिला कळेना.

घरी येऊन तिने गाडी थोडी चालवून गरम केली, म्हणजे तेल पातळ होऊन सगळं खाली येईल. मग मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली आणि खाली पुठ्ठा अंथरून ती आत सरकली. बाबा पडवीत खुर्चीवर बसले होते.

"चिऊ, उगाच खटाटोप करते आहेस," ते म्हणाले. "येणाऱ्याला काय करायचं ते तो करेल."

तिने पाना हातात घेतला.

गिअरबॉक्सच्या तळाशी तेलाचा पसरट ट्रे होता. चौदा बोल्टांनी आवळलेला. एका कडेचे बोल्ट काढत गेलं की ट्रे त्या बाजूला कलतो आणि तेल खालच्या टबात उतरतं, हे तिने नीट वाचून ठेवलं होतं. तेरा बोल्ट निघाले. धार लागली ती उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखी, आणि तिला भपकन जळका वास आला. चौदावा मात्र गंजून बसला होता. पाना निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. बोल्टाच्या कडा झिजायला लागल्या. ट्रे एका कोपऱ्यावर लोंबकळत होता, निम्मं तेल सांडलं होतं, आणि घड्याळात अडीच वाजले होते. आता मागे फिरायची सोयही राहिली नव्हती.

फाटक वाजलं. गाडीखालून तिला दोन बूट दिसले. एक सरळ पडत होता, दुसरा किंचित फाकलेला.

ती सरपटत बाहेर आली. दुकानातला तो.

"तुम्हाला पत्ता कुणी दिला?"

"तुमच्या बाबांनी. फोनवर." त्याने आवंढा गिळला. "चारचं गिऱ्हाईक... मीच आहे."

तिने पाना पुठ्ठ्यावर आपटला. "म्हणजे दुकानात माझ्याकडून सगळं काढून घेतलंत. गिअर घसरतो, तेल जळलंय... आणि मी वेड्यासारखी बोलत सुटले."

"काढून घेतलं नाही. सांगणार होतो. पण तुम्ही बोलत होता आणि... थांबवावंसं वाटलं नाही."

"तुम्हाला कशाला हवी ही गाडी? चारचौघांसारखी साधी गाडी घ्या की."

त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "जनावरांचा डॉक्टर आहे मी. दोन वर्षांपूर्वी घोड्याने लाथ घातली. क्लच दाबून तासभर गाडी चालवली की दुसऱ्या दिवशी उभं राहता येत नाही. मला फिरावं लागतं गोठ्यागोठ्यातून. अशी गाडी दोन महिने शोधतोय."

आता राग कुठे ठेवावा तेच तिला कळेना.

"कुठे अडलंय?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता, पांढऱ्या शर्टासकट, दुखरा पाय हाताने उचलून घेत तो गाडीखाली शिरला.

तीही आत गेली. दोघे शेजारी शेजारी उताणे, वर हातभर अंतरावर तो लोंबता ट्रे. त्याच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता. तिने पाना त्याच्या हातात देताना बोटं बोटांना लागली, दोघांचीही तेलाने निसरडी झालेली.

"तुम्ही सोडवायच्याच दिशेने फिरवत होता," तो म्हणाला.

"मग काय आवळू?"

"हो. आधी थोडा आवळायचा. वासरू अडलं ना, की आधी जरा आत ढकलावं लागतं. मगच ते बाहेर येतं."

"माझ्या गाडीला गाय करताय?"

"मोठा मान आहे तो. मी तो सगळ्यांनाच देत नाही."

तिने हसू दाबलं. त्याने बोल्टावर हातोडीने दोन हलक्या टिचक्या दिल्या, पाना घट्ट बसवला आणि आवळला. कट्ट. गंज तुटल्याचा आवाज आला. मग उलटा फिरवला तर बोल्ट लोण्यातून निघावा तसा सुटला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो ट्रेकडेच पाहत होता... फार मन लावून. हा बोल्ट सुटला नसता तर गाडी त्याची झाली असती, हे त्यालाही कळत होतं.

ट्रेच्या तळाशी लोहचुंबकावर करडा, मऊ गाळ जमला होता. तिने तो बोटांत चोळून पाहिला. खरखर लागली नाही, लोखंडाचे तुकडे नव्हते. म्हणजे आतले गिअर शाबूत होते. गाळणी मात्र पार तुंबलेली; तेल पुढे पोचतच नव्हतं, म्हणून गिअर पकड सोडत होते. तिने ट्रे पुसला, आधीच आणून ठेवलेली नवी गाळणी आणि तेल गळू नये म्हणून कडेला नवं गास्केट बसवलं आणि बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले. मग गाडी खाली उतरवून पट्टीच्या नळीत नरसाळं धरलं. तो ओतत होता, ती मोजत होती. लाल तेल संथपणे आत उतरत गेलं. ब्रेकवर पाय ठेवून तिने इंजिन चालू केलं, सगळे गिअर एकेक करून फिरवले आणि चालत्या इंजिनावर पट्टी पाहिली. पातळी बरोबर खुणेवर होती.

"बाबा, चला," ती म्हणाली. "चढावर."

बाबा खुर्चीतून उठेनात. "मी नाही बसणार. डॉक्टरांना चालवू दे. घेणार तेच आहेत."

"मी घेतली तर चालवेन," तो म्हणाला. "पण आधी मालकाने चढ चढवून दाखवावा. उगाच डोळे झाकून कशी घेऊ?"

बाबांनी त्याच्या ओढत्या पायाकडे पाहिलं. मग कुबड्या मागितल्या.

रस्ता नुकत्याच पडून गेलेल्या सरीने ओला होता. ती बाबांशेजारी बसली. तो आत बसला नाही. एक लाकडी ठोकळा काखेत धरून तो मागच्या चाकाच्या बाजूने चालू लागला. गाडी घसरलीच तर लगेच चाकामागे घालायला. आरशात तिला तो दिसत होता. डावा पाय ओढत, ओठ आवळून, चढाच्या प्रत्येक पावलाला.

गाडी चढाच्या मध्यावर आली. शाळेची ती भिंत डाव्या हाताला आली. आणि नेमकं तिथेच समोरून एक मोटार आडवी वळली. बाबांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली.

"बाबा... सोडा ब्रेक."

"चिऊ, मागे तो आहे."

"मला माहीत आहे कोण आहे ते. सोडा."

बाबांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी उजवा पाय उचलला. गाडी वीतभर मागे ओघळली. आरशात तो खाली वाकला, ठोकळा पुढे धरून. तिचा हात दाराच्या कडीवर गेला... आणि मग आत कुठेतरी गिअरने पकड घेतली. गाडी एकदा थरथरली आणि वर निघाली. न अडखळता, एका दमात, थेट माथ्यापर्यंत.

बाबांनी गाडी बाजूला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. ते एवढंच म्हणाले, "माझा पाय नव्हता."

"नव्हताच, बाबा."

त्यांनी डोळे पुसले. "तू उतर जरा. मी एकटा एक फेरी मारून येतो."

ती उतरली. गाडी वळून खाली गेली. तो धापा टाकत वर पोचला आणि ठोकळा रस्त्याच्या कडेला ठेवून त्यावरच बसला. शर्टाचं पार पोतेरं झालं होतं.

"गेली तुमची गाडी," ती म्हणाली.

"ती दुकानातच गेली होती. तुम्ही बाबांचं सांगितलंत तेव्हाच."

"मग आलात कशाला? तेही दीड तास आधी."

तो गुडघा चोळत राहिला. "बाबांना नाही म्हणून सांगायला फोनही पुरला असता," तो म्हणाला. "पण मग तुम्ही पुन्हा दिसला नसता. आणि चार वाजेपर्यंत... जमेना मला थांबायला."

वारा सुटला होता. ती त्याच्याजवळच एका दगडावर टेकली. तिच्या मानेवर केसांची बट चिकटली होती, हात तेलकट असल्यामुळे ती बाजूलाही करता येत नव्हती. त्याने हात उचलला. तोही तितकाच तेलकट. मग मनगटाच्या मागच्या बाजूने, अगदी अलगद, त्याने ती बट सारली. ती हलली नाही.

"मंगळवारी आणि शुक्रवारी मी ही पिकअप घेऊन रोपं पोचवायला बाहेर पडते," ती म्हणाली. "सीट रिकामी असते शेजारची. तुमचे गोठे वाटेत असतील... नसले तरी वाट वाकडी करता येईल."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी जनावरांना आजारी पडू नका म्हणावं."

तो हसला. मग हसू ओसरलं, आणि तो तिच्याकडे नुसता पाहत राहिला. "मी चिऊ म्हटलं तर चालेल?"

"नाही," ती म्हणाली. "ते बाबांचं आहे. तुम्ही स्वतःचं काहीतरी शोधा. सावकाश शोधा. घाई नाही."

खालून गाडी वर येताना दिसू लागली. बाबांनी एक हात खिडकीबाहेर काढला होता. तिने उठून त्याला हात दिला, आणि तो उभा राहिला तरी सोडला नाही.