दिवाळीची अर्धी बदली

पिंपरीतल्या त्या कारखान्यात आता बनत काहीच नव्हतं. मशिनी भंगारात गेल्या, माणसं चाकणच्या नव्या प्लांटला गेली नाहीतर घरी बसली. मागे उरला तो थंडगार खोलीतला मेनफ्रेम, कपाटाएवढा जुना संगणक. हजेरी, पगार, शिफ्टा, सगळा जुना कारभार अजून त्याच्याच पोटात होता आणि त्याला बंद करायची कोणाची छाती होत नव्हती. हा म्हातारा आणि कामगारांच्या मोबाइलवरचं नवं ॲप यांचं बोलणं जुळवून देणं, एवढंच गणराजचं काम. गुरुवारी सगळ्या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी असते, म्हणून त्याने गुरुवार धरला. ओसाड इमारतीत एकटं बसायला तो घाबरत नव्हता. घाबरत होता तो त्याच्या वरिष्ठांच्या, दिग्विजय सरांच्या फोनला.

दुपारपर्यंत सगळं मजेत चाललं. जुन्या नोंदी निमूटपणे ॲपमध्ये उतरत होत्या. मग एका नोंदीपाशी गाडी अडली ती अडलीच. कुठलातरी व्यवहार अर्धवट राहिला होता. तो पुरा करा, नाहीतर मागे फिरवा; त्याशिवाय मेनफ्रेम पुढचं काही द्यायला तयार नव्हता.

गणराजने हिरव्या अक्षरांचा जुना पडदा उघडला. चौऱ्याण्णवच्या दिवाळीतली शिफ्टची बदली होती ती. प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांचा विभाग. युनूसने ज्योतीरामची दुसरी पाळी करायची, ईदला ज्योतीरामने युनूसची. पहिला भाग नोंदलेला होता, दुसरा कधी झालाच नव्हता.

ज्योतीराम म्हणजे गणराजचे वडील. त्याला मोठी गंमत वाटली आणि त्याने लगेच निघोज्याला घरी फोन लावला.

“अण्णा, तुमची एक जुनी बदली सापडली बघा. हा युनूस कोण?”

पलीकडे अण्णांनी टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

“एकमेकाचे सण सांभाळायचो आमी,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. “तुझ्या आईची पहिली दिवाळी व्हती. युनूस म्हनला, तू जा घरी, ईदला माझी पाळी कर. माझ्या मशिनवर उभा ऱ्हायला... अन् प्रेस त्याच्यावर आला. जागीच गेला. ईदला मी गेलो कामावर. साहेब म्हनला, युनूसचं हजेरीचं तिकीट बंद झालंय, कुनाची पाळी करतो? तशीच ऱ्हायली ती नोंद.”

तीस वर्षांत हे गणराजच्या कानावर कधी आलं नव्हतं.

“अण्णा, ती मागे फिरवून टाकू का? म्हणजे बदली झालीच नाही, असं होईल. तुम्ही तुमच्या पाळीला, तो त्याच्या.”

“न्हाई!” अण्णा ओरडले. “गणू, हात लावू नको त्याला. तू त्याच्यानंतर झालास रं. माझं ऐक...”

“बरं,” गणराज म्हणाला. मुलं बापाला म्हणतात तसं, विषय संपवायला.

त्याने आधी व्यवहार पुरा करून पाहिला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण युनूसचा तिकीट नंबर बंद झालेला, मेनफ्रेम दाद देईना. पाच वाजता दिग्विजय सरांचा फोन आलाच.

“गणराज, उद्या पहिल्या शिफ्टला अख्खा प्लांट ॲपवर हजेरी पंच करणार आहे. काय अडलंय?”

“सर, एक चौऱ्याण्णवची नोंद...”

“अरे, मग उडव की राव! जमत नसेल तर आत्ता सांग, दुसरा माणूस बसवतो.”

गणराजने फोन खाली ठेवला. याआधी आठ महिने तो बिनकामाचा घरी होता. त्या महिन्यांत आई त्याच्यासमोर हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. ते दिवस पुन्हा नकोत, एवढंच त्याच्या मनात होतं.

तेवढ्यात लांबून आवाज आला. धप्प. मग जरा थांबून पुन्हा. धप्प. पायाखालची फरशी हलत होती.

तो उठून प्रेस शॉपच्या दारापर्यंत गेला. आत रिकामी जमीन, उखडलेल्या बोल्टांची भोकं, पारव्यांची घाण. तिथली वीज तर केव्हाच तोडलेली. पण तापलेल्या तेलाचा वास येत होता, आणि त्यात फटाक्यांच्या दारूचा. गणराज मागे वळून पळतच खोलीत आला. त्याने काही दाबलं नव्हतं, तरी पडद्यावर प्रश्न येऊन थांबला होता: व्यवहार मागे फिरवायचा?

नोंद आहे ती, माणूस नाही, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला. आणि त्याने ‘हो’ दाबलं.

शेवटचा आवाज अगदी जवळ झाला. त्यानंतर कारखाना गप्प झाला. ॲपवर सगळं भराभर हिरवं होत गेलं. उरलेल्या नोंदी आल्या, त्यांत युनूसची होती. सेवानिवृत्त. खाली ज्योतीरामची होती. मृत, चौऱ्याण्णव.

गणराजने तिकीट नंबर पुन्हा ताडून पाहिला. त्याने अण्णांना फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई शांतपणे सांगत राहिली. मग त्याने आईला लावला. कितीतरी वेळ घंटी वाजली.

“आई, अण्णा कुठेत?”

“कोन बोलतंय?”

“अगं मी, गणू! अण्णांना फोन दे... आई, लवकर दे!”

पलीकडे त्याची आई, सुभद्राबाई, खाली बसल्याचं ऐकू आलं. आवाज आईचाच होता, फक्त फार थकलेला.

“भाऊ, मालक जाऊन तीस वर्सं झाली. माझी पहिलीच दिवाळी व्हती. मला लेकरू न्हाई, भाऊ. दर खेपेला तुमाला हेच सांगते मी.”

“दर खेपेला...?”

“आता नका करू फोन. तुमी लई रडता, अन् मग मला झोप लागत न्हाई.”

फोन बंद झाला. गणराजने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच लावत असल्यासारखा पुन्हा तोच नंबर लावला.