माळावरचं ऊन

केंदूरच्या माळावर कसला तरी उजेड दिसतो आणि आप्पा रोज तिन्हीसांजेला त्याच्याकडं बघत बसतात, असा बिरदेवचा फोन आला तेव्हा प्रगतीला भीती वाटली नाही. काळजी वाटली ती आप्पांची. ती शिरूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकत होती. सरांकडून उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारी, हातात मावेल एवढी नळी, स्पेक्ट्रोस्कोप, मागून घेऊन ती शनिवारच्या एसटीनं निघाली.

आप्पा म्हणजे तिचे थोरले चुलते, गेणबा. बिरदेव त्यांचा एकुलता एक मुलगा. आप्पांची बायको कुशाबाई याच माळावर मेंढरं राखताना, वैशाखातल्या भर दुपारी ऊन लागून गेली होती. तेव्हा प्रगतीचा जन्मही झाला नव्हता. पुढं आप्पांनी मेंढरं विकली, शेती धरली, पण माळाकडं पाठ करून ते कधी बसले नाहीत.

मार्गशीर्षातली अमावस्या होती. लाइट गेलेली. ओट्यावर घोंगडी पांघरून आप्पा आणि प्रगती बसली. बिरदेव गोठ्यात होता. आप्पांचा एक हात सारखा गुडघ्यावर फिरत होता. प्रगती त्यांना समजावत होती, की प्रत्येक उजेडाची खूण वेगळी. बल्बची तार तापते, तिच्या उजेडाचा या नळीतून अखंड रंगीत पट्टा दिसतो. ट्यूबच्या उजेडात सुट्या रेघा जास्त उठून दिसतात. सूर्याच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात, कारण तेवढे रंग सूर्याभोवतीचे वायूच गिळतात. त्या रेघा वाचूनच तारे कशाचे बनलेत ते कळतं. आणि ताऱ्यांचा उजेड निघून इतकी वर्षं झालेली असतात, की आपल्याला दिसतो तो त्यांचा जुना काळ.

आप्पांचा हात थांबला. “म्हंजी... होऊन गेल्यालं बी दिसतं?”

“दिसतं, आप्पा.”

अंधार पडला आणि माळावर तो उजेड उमटला. पिवळसर, स्थिर, एखाद्या खळ्याएवढा. प्रगतीनं नळी डोळ्याला लावली. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अखंड पट्टा, आणि त्यात ओळखीच्या काळ्या रेघा. तिनं डोळा पुसला, पुन्हा पाहिलं. चंद्र असता तर म्हणता आलं असतं, की सूर्याचाच उजेड कशावर तरी पडून परततोय. पण आज चंद्र नव्हता, आणि सूर्य तर केव्हाच बुडाला होता.

“कंदील हाय का गं?”

खोटं बोलावं, असं तिच्या मनात आलं. पण जीभ वळली नाही. “न्हाई आप्पा... ऊन आहे.”

आप्पा उठले. घोंगडी तिथंच गळून पडली. ते चालू लागले तशी तीही मागं धावली. कुसळं पायाला टोचत होती, थंडीनं दात वाजत होते. मग हळूहळू गालाला ऊब लागली. तापलेल्या धुळीचा आणि लोकरीचा वास आला. वस्तीवर एकही मेंढरू नसताना कुठंतरी मेंढरं ओरडत होती. तिनं आप्पांची बंडी धरली.

“सोड पोरी. तिला सावलीत न्यायला पायजे.”

बंडी हातातून निसटली. आप्पा त्या पिवळ्या कडेत शिरले आणि दिसेनासे झाले. प्रगती कडेवरच थिजली. आत नुसता लखलखाट होता, डोळा ठरत नव्हता. तिनं हाका मारल्या. आवाज जणू कापसात जात होता.

मग उजेड एकदम विझला.

आप्पा तिथंच उभे होते, घामानं भिजलेले, डोळे बारीक केलेले. तिनं त्यांचा हात धरला. भर थंडीत तो तव्यासारखा तापला होता. ती त्यांना घराकडं ओढू लागली.

“तिनं वळखलं न्हाई मला,” चालता चालता ते म्हणाले. “घरला चल म्हनलं, तर हसली. म्हनली, बाबा, तुमी कोन? माझा मालक तर जवान हाय.”

प्रगतीला हुंदका आला. तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

“आन् म्हनली... कालबी एक म्हातारी असंच सांगत आली हुती. घरला चल, घरला चल. लई रडत हुती म्हनं.” आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. “नाव प्रगती सांगत हुती.”

घर अजून लांब होतं. प्रगतीनं मागं वळून पाहिलं नाही. पण तिच्या पाठीला पुन्हा ऊन लागायला लागलं होतं.