नियमाची पंधरा मिनिटं

सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टाच्या जिन्यात नवनाथ अचानक समोर आला आणि माझ्या हातातली फाइल निसटली. चार महिन्यांनी दिसत होता. त्यानं वाकून कागद गोळा केले, एकेक झटकून माझ्या हातात दिला.

"कंपनीचे साक्षीदार आहात म्हणे," मी म्हणाले.

"हो. रजिस्टरवर सही माझीच आहे ना."

"मग चला लवकर. माझं कंत्राट बुडवायचंय तुम्हाला."

"स्नेहा मॅडम... एक चहा तरी—"

"तुमच्याकडचा चहा पुष्कळ प्यायले मी."

आमचा एकच टँकर. वडिलांचे, अप्पांचे गुडघे गेले तेव्हापासून धंदा मी बघते. मनमाडला डिझेल भरायचं आणि ओझरजवळच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजला जनरेटरसाठी पोचवायचं, असा तीन वर्षांचा करार. ड्रायव्हर खंडेरावांशेजारी मी स्वतः बसते. मुलीनं टँकरवर बसू नये असं सांगणारे आता सांगून दमलेत.

करारात लिहिलंय, मागणीपासून चार तासांत पुरवठा. त्या दिवशी मागणी दहाला आली, टँकर दीडला गेटच्या आत गेला, आणि व्हॉल्व्ह उघडला दोन वाजून दहा मिनिटांनी. कंपनीनं करार मोडला. म्हणे, डिझेल आमच्या टाकीत पडलं तोच पुरवठा. मी म्हणाले, टँकर तुमच्या गेटमध्ये उभा राहिला, तिथं माझं काम झालं. भावकी म्हणाली, मिटवून टाक, मोठ्यांशी कोण लढतं? मी लढते. करार गेला असता तर टँकर विकून मी घरात बसले असते, बघायला येणाऱ्यांसाठी पोहे करत.

भांडण होतं ते दीड ते दोन-दहाचं. रस्त्यानं हिंदकळलेलं डिझेल आधी निवळू द्यायचं, मग कंपनीच्या स्टोअरकीपरनं पट्टी बुडवून माप घ्यायचं आणि सही करायची. त्याच्या सहीशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. हा स्टोअरकीपर म्हणजे नवनाथ. डिझेल निवळेपर्यंत तो चहा मागवायचा. बोलायचा कमी, बघायचा जास्त... बशीत सांडलेला चहा स्वतःच्या रुमालानं पुसून मग कप पुढं करायचा.

"मी खोटं बोलणार नाही," जिन्यात तो म्हणाला.

"माझ्यासाठी काही करू नका. उपकार नकोत मला."

"खरं बोलायला तुमची परवानगी लागते का?"

 त्याचं ते बोलणं मला आवडलं, याचाच जास्त राग आला.

साक्ष सुरू झाली. माझ्या वकील लताबाईंनी त्याला विचारलं, "डिझेल निवळायला किती वेळ लागतो?"

"पंधरा मिनिटं."

"मग त्या दिवशी चाळीस का लागली?"

त्यानं समोर बसलेल्या मॅनेजरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पंधरा मिनिटं नियमाची होती, मॅडम. उरलेली पंचवीस... माझी."

"म्हणजे?"

"मी सही केली की टँकर रिकामा होतो. रिकामा झाला की स्नेहा मॅडम निघून जातात. म्हणून मी सही उशिरा करतो. दर वेळी."

कोर्टात हशा पिकला. मॅनेजर लालबुंद झाला. न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढला. "हे असंच लिहून घ्यायचं?"

"असंच घ्या, मॅडम. नोकरी जाईल, ते मला माहीत आहे."

मी उठून उभी राहिले. लताबाईंनी ओढणी ओढली, तरी उभी राहिले.

"माझंही लिहून घ्या, मॅडम. पंधरा मिनिटं झालेली मलाही कळायची. घड्याळ माझ्याही हातात होतं."

"अगं बाई, आपण जिंकत होतो ना," लताबाई पुटपुटल्या.

"हरलो तर हरलो. त्यानं एकट्यानं का हसं करून घ्यायचं?"

"तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. बसा खाली," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या. पण हसू काही त्यांना लपवता आलं नाही.

महिन्याभरानं निकाल लागला. सहीशिवाय व्हॉल्व्ह उघडता येत नाही आणि सही कंपनीच्या माणसाच्या हातात. तेव्हा सहीसाठी गेलेला वेळ पुरवठादाराच्या माथी मारता येणार नाही. करार कायम. नवनाथची नोकरी मात्र साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी गेली होती.

पहिल्याच खेपेला नव्या स्टोअरकीपरनं बरोबर पंधराव्या मिनिटाला सही केली. टँकर रिकामा करून आम्ही बाहेर पडलो, तर गेटसमोरच्या टपरीवर नवनाथ दोन कप घेऊन उभा. मॅनेजर काचेतून बघत होता. बघू दे.

"उद्यापासून पिंपळगावच्या गोडाऊनला लागतोय," तो म्हणाला. "तुम्ही... निघालात ना? टँकर रिकामा झाला."

"खंडेराव नेतील टँकर," मी त्याच्या हातातला कप घेत म्हणाले. "मला तू आवडतोस. मी थांबणार आहे. ज्याला लिहून घ्यायचंय, त्यानं घ्यावं."