दुधाळ पाण्याखाली

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. तलावाच्या खोल टोकाला जीवरक्षकाच्या पायाला तळाशी काहीतरी मऊ लागले, आणि चौदा वर्षांची मुलगी सापडली. वळताना भिंतीवर डोके आपटून ती बुडाली होती. चार मिनिटे कोणाच्याही लक्षात आले नाही. पाणी साबण कालवल्यासारखे पांढुरके झाले होते.

तिचे वडील तिथलेच पोहण्याचे प्रशिक्षक. दुपारीच त्यांनी फिर्याद दिली : तलावाच्या मिस्त्रीशिवाय फिल्टर कोणी हाताळत नाही, त्याने तो धुतला नाही, म्हणून माझी मुलगी गेली. संध्याकाळी मिस्त्रीला ताब्यात घेतले गेले. त्याच्यापुढे तुरुंग स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकबाई त्याला घेऊन फिल्टरखोलीत आल्या. तलावाला सील होते. टायमरवरचा पंप मात्र रोजच्यासारखा पहाटे पाचला सुरू झाला होता.

"शेवटचा कधी धुतलात?"

"नऊ दिवसांपूर्वी. परवा प्रेशर दीड किलोवर गेलं. काल नऊला ड्युटीवर आलो की धुणार होतो. प्रशिक्षक सरांनाही सांगून ठेवलं होतं."

टाकीत वाळू असते, मिस्त्री पडेल आवाजात सांगू लागला. घाण वाळूत अडकते. ती जितकी साठेल तितका प्रेशरचा काटा वर चढतो. मग पंप थांबवून हँडल फिरवायचे आणि पंप पुन्हा चालवून पाणी उलटे सोडायचे, म्हणजे घाण गटारात जाते.

बाई वाकल्या. काटा पाऊण किलोवर होता.

"मग हा खाली कसा?"

मिस्त्रीने काट्याची काच टिचकीने वाजवून पाहिली. "कोणीतरी धुतलाय, मॅडम."

त्याची कंबरेची किल्ली बाईंनी जप्तीतून आणली होती. त्या किल्लीने त्याने विजेचे पॅनेल उघडले, पंप बंद केला आणि हँडलखालचे झाकण खोलले. आतली, घाण आणि स्वच्छ पाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवणारी रबरी गॅसकेट खाचेतून उपटून पिळवटली होती. ती महिन्यापूर्वीच नवी घातली होती.

"चालू पंपावर हँडल फिरवलंय," तो म्हणाला. "नवशिकासुद्धा असं करत नाही."

व्यवस्थापकाने सांगितले, पॅनेलची किल्ली एकच, मिस्त्रीकडे; फिल्टरखोलीच्या मात्र दोन. जीवरक्षक काल सातला आला होता. तेव्हा पोहण्याच्या रांगा आखणारे तरंगते दोर पाण्यात ताणलेले होते. ते कुठे ठेवतात, असे विचारल्यावर तो सहज म्हणाला, फिल्टरखोलीत. मग त्याने आपणहून सांगितले.

"तळ दिसत नाही, असं मी सरांना म्हटलं होतं, मॅडम. सर म्हणाले, तू तळ राखायला आहेस की माणसं?"

दुपारी बाईंनी प्रशिक्षकांना कार्यालयात बोलावले. मिस्त्री दाराशी उभा होता.

"फिल्टर तुंबला असता तर काटा वर असता," बाई सावकाश म्हणाल्या. "तो उतरला, म्हणजे धुलाई झाली. धुणाऱ्याने पंप थांबवला नाही, कारण पॅनेलची किल्ली त्याच्याकडे नव्हती. मिस्त्रीकडे ती होती. गॅसकेट उपटली, म्हणून घाण पाणी वाळूतून न जाता थेट तलावात शिरलं. पंप थांबवून हँडल फिरवलं असतं, तर पाणी स्वच्छ राहिलं असतं. ही खोली सातच्या आधी उघडली गेली, कारण दोर सातला पाण्यात होते. ते तुम्ही बांधलेत, सर. खोलीची दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे."

प्रशिक्षकांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"आज तिची निवड चाचणी होती, काल शेवटचा सराव," ते म्हणाले. "पाणी आधीच धूसर दिसत होतं. हा येईपर्यंत, नऊपर्यंत, मला थांबवेना. धुताना पाहिलं होतं याला, वाटलं, त्यात काय एवढं. मग पांढरं झालं. म्हटलं, निवळेल. फिर्याद देताना मला माहीत होतं."



प्रशिक्षक मिस्त्रीकडे वळले. "हँडल फिरवताना पंप बंद असता, तर दिसली असती ती?"

मिस्त्रीने एकदा बाईंकडे पाहिले. रात्रभर कोठडीत बसून त्याचे डोळे सुजले होते.

"तरीही थोडं गढूळ झालंच असतं, सर," तो म्हणाला. "सांगता येत नाही."

बाई जबाब लिहीत होत्या. त्यांनी ते वाक्य कागदावर घेतले नाही, आणि तोंडी खोडूनही काढले नाही. प्रशिक्षकांपुढे कागद सरकवून त्यांनी सही कुठे करायची ते दाखवले.