फिरत्या घरातलं अडकलेलं पाणी

चहाला सडक्या अंड्यांचा वास येत होता.

आईने पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप तसाच खाली ठेवला. शलाकाने तो उचलून नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. "ईऽऽ! आई, काय घातलंस यात?"

"आलं, साखर, चहापत्ती. रोजचंच," आई म्हणाली. "वास पाण्याला आहे."

हा चहा घरातल्या स्वयंपाकघरात झालेला नव्हता. तो झाला होता अमरावतीच्या त्यांच्या अंगणात उभ्या असलेल्या फिरत्या घरात. फिरतं घर म्हणजे गाडीच्या मागे जोडायचा ट्रेलर. आत झोपायला रुंद बाक, इवलंसं स्वयंपाकघर, एक बेसिन आणि बाकाखाली पाण्याची टाकी. छपरावरच्या सौरपट्ट्यांवर त्याचे दिवे आणि पंप चालत. परवा सकाळी ते घेऊन सगळे चिखलदऱ्याला निघणार होते.

"मग नाही जायचं आपण," आई एकदम म्हणाली. "मागच्या सहलीत कैवल्यचं पोट किती बिघडलं होतं, विसरलीस? असलं पाणी घेऊन मी डोंगरात मुळीच जाणार नाही."

शलाकाने कप खाली ठेवला. तिला स्वतःचं काही वाटलं नसतं; चिखलदरा तिने चारदा बघितला होता. पण ही सहल वैजूमावशीसाठी होती. आईची मोठी बहीण वैजयंती चंद्रावरच्या तळावर पाण्याची शास्त्रज्ञ होती. तीन वर्षं तिथे राहून ती नुकतीच परतली होती. चंद्रावर आपलं वजन सहावा हिस्साच भरतं, त्यामुळे तिच्या पायांना पृथ्वीवरचं वजन पेलायची सवयच उरली नव्हती. ती काठी घेऊन चार पावलं टाकायची आणि पुन्हा अंगणातल्या आरामखुर्चीत बसायची. आल्या दिवशीच ती म्हणाली होती, "तीन वर्षांत मी एक ढग पाहिला नाही गं. मला एकदा धुक्यात जाऊन बसायचंय."

"खटपट्या!" शलाकाने हाक मारली. "तू टाकी धुतली होतीस ना?"

खटपट्या हा त्यांचा यंत्रमानव. उंची शलाकाच्या कमरेइतकी, चार हात आणि प्रचंड उत्साह. तो खडखडत आला. "धुतली, शलाकाताई! कालच घासून धुतली आणि ताजं पाणी भरलं. स्वयंपाकघराचा आणि बेसिनचा नळही सोडून पाहिला. टाकीतला माझा संवेदक (पाण्याची तपासणी करणारं छोटं यंत्र) सांगतो की पाणी शुद्ध आहे."

"अरे, पण वास?"

"मला नाक बसवलेलं नाही," खटपट्या नम्रपणे म्हणाला.

आरामखुर्चीतून मावशीचं खळाळतं हसू ऐकू आलं. "टाकी स्वच्छ, पाणी ताजं आणि तरी वास. मस्त कोडं आहे! शलाका, माझे पाय संपावर आहेत, पण तुझे चालतात. तू शोधशील?"

"कसं शोधू?"

"पाणी टाकीतून निघतं आणि नळापर्यंत पोहोचतं. ते वाटेत कुठेतरी बिघडतंय. मग वाटेत जिथे जिथे थांबता येईल तिथलं पाणी घ्यायचं आणि हुंगायचं. प्यायचं मात्र नाही हं."

शलाकाने काचेचे पेले आणले. एकात थेट टाकीतलं पाणी घेतलं, एकात स्वयंपाकघरातल्या नळाचं, एकात बेसिनचं. तिचा पाच वर्षांचा भाऊ कैवल्य ते एकेक करून मावशीपुढे नेऊन ठेवत होता आणि प्रत्येक वेळी स्वतःही नाक खुपसत होता. टाकीच्या पाण्याला वास नव्हता. बेसिनच्या पाण्याला जेमतेम जाणवेल इतका होता. स्वयंपाकघराच्या पाण्याला मात्र ओळखता येण्यासारखा होता.

"म्हणजे वास पाइपमधून येतोय, आणि तोही स्वयंपाकघराच्या बाजूने," शलाका पुटपुटली. ती ट्रेलरखाली आडवी झाली. पांढरा पाइप टाकीतून निघून स्वयंपाकघराकडे गेला होता. पण वाटेत त्याला आणखी एक फाटा फुटला होता, तो ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीकडे वळला होता.

"मावशी, हा कुठे जातो?" तिने विचारलं आणि तिचं तिलाच आठवलं. बाहेरचा शॉवर! चिखलाचे पाय धुवायला भिंतीतल्या छोट्या कप्प्यात बसवलेला. मागच्या सहलीनंतर तो कप्पा कुणी उघडलाच नव्हता.

तिने कप्पा उघडला, शॉवरखाली पेला धरला आणि नळ फिरवला. आधी फस्स झालं. मग करडं पाणी आलं आणि त्याबरोबर शेवाळी रंगाचा एक बुळबुळीत धागा.

"शीऽऽ!" कैवल्य आनंदाने ओरडला आणि नाक धरून अंगणभर पळत सुटला.

मावशीने पेला उजेडात धरला. तिचे डोळे चमकत होते. "सापडलं! हा धागा म्हणजे जैवपटलाचा तुकडा आहे. जैवपटल म्हणजे जिवाणूंनी एकत्र राहायला बनवलेला चिकट थर. तुझी शाळेची पाण्याची बाटली दोन दिवस न धुता राहिली की आतून कशी लागते?"

"बुळबुळीत."

"तेच ते. पाण्यात थोडे जिवाणू असतातच. पाणी वाहतं असलं तर ते वाहून जातात. पाणी एका जागी थांबलं की ते पाइपच्या भिंतीला चिकटतात, चिकट रस सोडतात आणि त्यात आपली वस्ती करतात. नगरपालिका पाण्यात क्लोरीन घालते, पण पाणी बरेच दिवस साठून राहिलं की त्याचा जोर ओसरतो. वर हा चिकट थर आतल्या जिवाणूंना पांघरुणासारखा सांभाळतो. आणि जिथे ताजी हवा पोहोचत नाही, तिथे काही जिवाणू गंधकाचा एक वायू सोडतात. सडक्या अंड्यांचा वास त्याचाच."

"आणि पंप सुरू झाला की त्यातलं थोडं पाणी स्वयंपाकघराच्या पाइपमध्ये मिसळतं!" शलाका म्हणाली.

"बरोब्बर."

"पण मावशी," शलाका थबकली, "मागच्या सहलीनंतर खटपट्याने सगळं पाणी काढून टाकलं होतं. मग शॉवरच्या पाइपमध्ये ते राहिलंच कसं?"

खटपट्याने चारही हात वर केले. "मी ट्रेलरखालची निचऱ्याची झडप (पाणी सोडण्याचं झाकण) उघडली होती. पाणी वाहिलं आणि मग थांबलं. थांबलं म्हणजे संपलं, अशी मी नोंद केली."

मावशीने अंगणात नजर फिरवली. कुंपणाशी पपईचं झाड होतं. "शलाका, पपईच्या पानाचा एक देठ आण बरं. दोन्ही टोकं कापून."

देठ आतून पोकळ होता, छान हिरवी नळीच. मावशीने तो पाण्याच्या बादलीत बुडवला, वरच्या टोकावर अंगठा दाबला आणि देठ बाहेर काढला. खालचं टोक उघडं होतं, तरी पाण्याचा एक थेंबही पडला नाही.

"आता तू कर. आणि पाणी पाडून दाखव."

शलाकाने देठ हलवला, झटकला. दोन-चार थेंब उडाले, बाकीचं पाणी आत तसंच. मग तिने सहज अंगठा उचलला आणि सगळं पाणी भसकन तिच्या पायांवर सांडलं.

ती क्षणभर पायांकडे बघत राहिली. मग ओरडलीच, "हवा! वरून हवा आत गेली म्हणून पाणी बाहेर आलं!"

"अगदी. आपल्याभोवतीची हवा सगळीकडून दाबत असते. त्याला हवेचा दाब म्हणतात. वरचं टोक बंद असलं की तो दाब पाण्याला खालून वर उचलून धरतो. पाणी जायला हवं असेल, तर त्याच्या जागी हवा यायला वाट हवी."

शलाका धावत शॉवरपाशी गेली. "म्हणजे हा नळ म्हणजे अंगठा! तो बंद होता. खटपट्या, तू खालची झडप उघडलीस, पण वरचे नळ उघडले नव्हतेस!"

"नव्हते," खटपट्या म्हणाला. थोडं थांबून त्याने जोडलं, "मी पाण्याचं ऐकलं. मी हवेला विचारलं नाही."

आता मात्र सगळे कामाला लागले. ट्रेलरमधली पाणी तापवायची छोटी टाकी बंद करून थंड होऊ दिली. मग शलाकाने स्वयंपाकघर, बेसिन, शॉवर, थंड आणि गरम असे सगळे नळ उघडले आणि खटपट्याने खालची झडप. या वेळी पाणी गुळगुळ करत शेवटपर्यंत वाहिलं आणि प्रत्येक नळाने सुस्काऱ्यासारखा आवाज करत हवा आत ओढली. कैवल्य प्रत्येक नळाला कान लावून तो सुस्कारा ऐकत होता.

पुढचं काम होतं निर्जंतुकीकरणाचं (घातक जंतू मारून टाकण्याचं). ते मोठ्यांचं, असं मावशीने बजावलं. आईने हातमोजे घातले, पिण्याच्या पाण्याची गाळणी काढून बाजूला ठेवली आणि टाकी पुन्हा भरताना सुगंध न घातलेलं साधं ब्लीच मावशीने काढून दिलेल्या मापाने त्यात घातलं.

"संडास धुवायचं औषध घालू का थोडं? लवकर होईल," आईने विचारलं.

"अजिबात नको!" मावशी खुर्चीत ताठ झाली. "ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही औषध मिसळलं की विषारी वायू निघू शकतो. आणि लवकर होऊन चालणार नाही. पांघरुणाच्या आत शिरायला त्याला वेळ द्यावा लागतो."

शलाकाने प्रत्येक नळ पोहण्याच्या तलावासारखा वास येईपर्यंत सोडला आणि बंद केला. शॉवर तिने दोनदा सोडला. रात्रभर पाणी तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी ते झाडांना न घालता गटारात सोडलं, टाकी ताज्या पाण्याने पुन्हा पुन्हा भरून रिकामी केली आणि नवी गाळणी बसवली. ब्लीचचा वास पुरता गेल्यावर शलाकाने शॉवरखाली पेला धरला, हुंगला आणि कैवल्यपुढे केला.

त्याने नाक बुडवलं. "कशाचाच नाही," तो जरा हिरमुसून म्हणाला.

आईने त्याच पाण्याचा चहा केला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग ती कपाटातून स्वेटर काढायला लागली. शलाकाने खटपट्याच्या चारही हातांवर टाळ्या दिल्या.

चिखलदऱ्याच्या पहिल्या सकाळी दरी दिसतच नव्हती. सगळीकडे दाट, पांढरं, ओलसर धुकं. वैजूमावशी काठी टेकत स्वतःच्या पायांनी कड्याजवळच्या कठड्यापर्यंत गेली. शलाका तिच्या शेजारी चालत होती, पण तिने हात धरला नव्हता. मावशीने डोळे मिटून चेहरा वर केला. तिच्या भुवयांवर बारीक थेंब जमले.

"पाणी स्वतःहून भेटायला आलंय," ती हळूच म्हणाली.

परत आल्यावर सगळे ट्रेलरमध्ये गरम पोहे घेऊन बसले. खिडकीची काच आतून वाफेने भरली होती. मावशीने त्यावर बोटाने एक मोठा चौकोन काढला आणि त्यातून रेषा ओढायला लागली.

"हे काय माहितीये? चंद्रावर मुलांसाठी पहिली शाळा बांधायची आहे. तिची पाण्याची व्यवस्था मला आखायची आहे. ही टाकी. इथून वर्गांना, इथून स्वयंपाकघराला आणि हा फाटा पाहुण्यांच्या खोल्यांकडे."

शलाकाने घास हातातच ठेवला. "पाहुणे रोज येणार?"

"छे! वर्षातून एखाद्या वेळी."

"मग तो नळ रोज कोण उघडणार?"

शलाका उठली. तिने पाहुण्यांच्या खोल्यांशी संपलेल्या रेषेवर बोट टेकलं आणि ती पुढे वळवत वळवत परत टाकीला आणून जोडली.

"इथे संपवायचंच कशाला? गोल करून परत आण ना. म्हणजे कुणी येवो न येवो, पाणी फिरत राहील."

वाफेचा एक ओघळ काचेवरून खाली निघाला होता, थेट त्या वर्तुळाच्या दिशेने.

"खटपट्या!" मावशी ओरडली. पायांचं विसरून ती उभीच राहिली होती. "फोटो काढ, पटकन! हे पुसलं जायच्या आत चंद्रावर पाठवायचंय!"