डाव्या पायातली नाडी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण हे इसिद्रा लाम्बेच्या हाताखाली घडलंय. बेलीझमध्ये, दांग्रिगाच्या किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

इसिद्रा तिथली नर्स. शुगरवाल्या म्हाताऱ्यांचे पाय रोज तपासायची. आधी हाताची मागची बाजू लावून ऊब बघायची. मग अंगठ्याचं नख दाबून रंग किती लवकर परततो ते. शेवटी पावलावर बोटं ठेवून नाडी.

त्या ऑक्टोबरात फेलिसिताआजीचा डावा पाय थंड पडू लागला.

"रोज माझे पाय धरतेस," आजी म्हणायची. "गुन्हा तरी काय केलायस एवढा?"

"तुमच्या वाटणीची कसावाच्या कंदाची भाकरी खाल्ली, आजी."

"तरीच. दिसतंय अंगावर."

एका दुपारी डॉक्टर आले. नाडी ऐकायचं छोटं यंत्र त्यांनी पायांना लावलं. उजव्यातून आवाज आला... श्श... श्श... श्श...

डाव्यातून काहीच नाही.

"गुडघ्याखालून कापावा लागेल," ते म्हणाले. "नाहीतर विष अंगभर पसरेल."

"नको," आजी म्हणाली. एवढंच.

डॉक्टर गेले. समजूत घालावी म्हणून इसिद्रा पायथ्याशी बसली. सवयीनं तिची बोटं पावलावर टेकली.

आणि...

नाडी लागली.

बारीक. भराभर पळणारी.

तिनं दुसऱ्या हातानं आजीचं मनगट धरलं. तिथली नाडी संथ होती, म्हाताऱ्या माणसाची. पायातली मात्र धावून दमलेल्या लेकरासारखी उडत होती.

एका देहात अशा दोन नाड्या नसतात.

इसिद्रानं हात काढून घेतला. घोट्यावर पांढरे ठसे दिसत होते. बोटानं दाबल्यावर कातडीवर उमटतात तसे. पण घोट्याला तिनं हात लावलाच नव्हता.

आणि ठसे फार लहान होते...

"लागला ना हाताला?" आजीनं विचारलं.

"कोण?"

"माझा तेओ."

मोठ्या वादळात समुद्र गावात शिरला, तेव्हा फेलिसिता ऐन विशीत होती. छपराच्या वाशाला दोन्ही हातांनी लोंबकळत होती. खाली पाण्यात तिचं पोरगं. तिचा डावा पाय घट्ट धरून.

"एक हात सोडला असता तर दोघंही गेलो असतो," आजी म्हणाली. "मी नुसती ओरडत होते. धरून ठेव बाळा, सोडू नकोस. मग पाणी उतरलं... पाय मोकळा होता."

तिनं डाव्या पायाकडे बोट केलं.

"आता परत धरलाय त्यानं. तूच सांग, तो पाय कापला तर त्यानं कुठं धरायचं?"

इसिद्रानं पायावर चादर ओढली.

आजीची मुलगी परदेशातून फोनवर रडली. डॉक्टर चिडले. आजी बधली नाही. पाय काळा पडला, ताप चढला. दुखणं कमी करायचं औषध आणि कपाळावर ओलं फडकं, एवढंच इसिद्राच्या हातात उरलं.

शेवटच्या दुपारी लख्ख ऊन होतं. मागच्या अंगणात कुणी जेवणासाठी उखळात उकडलेली केळी कांडत होतं. धप... धप... इसिद्राचा एक हात मनगटावर, एक पायावर.

कांडणं थांबलं.

मनगटातली नाडी मंदावली... चुकली... गेली.

पायातली चालूच होती.

आजीचे डोळे उघडेच होते. छाती हलत नव्हती. आणि बोटांखाली ते पोर अजून धडधडत होतं.

इसिद्रा पायाशी वाकली. कुजबुजली, "सोड आता, राजा. आई आली बघ."

नाडी अडखळली...

घोट्यावरचे ठसे एकेक करून पुसले गेले. मग नुसतं थंड पाऊल.

डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कधी कधी आपल्याच बोटांतली नाडी लागते, इसिद्रा. भल्याभल्यांना फसवते."

असेलही. ती वाद घालत नाही.

पण आजही कुणाच्या पावलावर बोटं ठेवली की तिला ती दुपार आठवते. आपण सोड म्हणालो आणि त्यानं सोडलं...

त्याला घ्यायला तिथं खरंच कुणी होतं का, ते तिला माहीत नाही.